नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रस्तावना

शनिवारची रात्र होती, साडेअकरा वाजले होते. एका शिक्षणसंस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ‘‘सर, अपग्रेड नीट झालं. एकही एरर नाही. पण रीबूटनंतर एकही मशीन लागत नाहीये.’’

तळमजल्यावर जिन्याखालची कोंदट खोली, तिच्यात एक रॅक, रॅकमध्ये एक सर्व्हर आणि त्या सर्व्हरच्या पोटात नऊ व्हर्च्युअल मशिनं. एक ग्रंथालयाचं, एक पगारपत्रकाचं, एक प्रवेशाचं. सोमवारी प्रवेशाची यादी लागायची होती. मी स्कूटर काढली.

पोचलो तेव्हा सर्व्हर चालू होता. पंखे फिरत होते, डिस्कचे दिवे लुकलुकत होते. मागच्या बाजूला नेटवर्क कार्डावरचा दिवा मात्र विझलेला. दिवा विझलेला म्हणजे केबल, हे इतक्या वर्षांच्या सवयीनं ठरवूनच टाकलं. केबल काढून परत लावली. दुसरी लावली. स्विचचं पोर्ट बदललं, मग स्विचच बंद करून चालू केला. राखणदार काकांनी दोनदा चहा आणला. अडीच वाजता मी ते केलं जे आल्या आल्या करायला हवं होतं: शेजारच्या लॅबमधून मॉनिटर आणि कीबोर्ड आणून सर्व्हरला जोडला, आणि त्यालाच विचारलं की बाबा, तुझ्याकडे कोणती कार्डं आहेत?

त्यानं सांगितलं, ‘ईएनपी३३एस०एफ०एनपी०’. नेटवर्कच्या मांडणीची फाइल उघडली. तिच्यात लिहिलं होतं, ‘ईएनपी३३एस०एफ०’. शेवटचं ‘एनपी०’ हे तीन अक्षरांचं शेपूट तेवढं फाइलीत नव्हतं. ते जोडलं, नेटवर्क पुन्हा उठवलं, कार्डावरचा दिवा लागला आणि नऊच्या नऊ मशिनं पिंगला उत्तर देऊ लागली. दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नाही. शोधाला तीन तास गेले होते. हे पुस्तक त्या तीन तासांचं देणं आहे.

त्या शेपटाची गोष्ट थोडी उलगडून सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं तिच्याभोवती फिरतात. लिनक्समध्ये कार्डाचं हे नाव म्हणजे त्याचा पत्ताच असतो. ‘ईएन’ म्हणजे ईथरनेट, ‘पी३३’ म्हणजे ३३ क्रमांकाची पीसीआय बस, ‘एस०’ म्हणजे तिच्यावरची खाच, ‘एफ०’ म्हणजे त्या कार्डाचा पहिला भाग. नव्या कर्नलमधला ड्रायव्हर जुन्यापेक्षा थोडा अधिक बोलका झाला होता. ‘माझ्या या पोर्टचं नाव पी० आहे’ एवढी जास्तीची माहिती तो देऊ लागला, आणि नाव ठेवणाऱ्या यंत्रणेनं ती नियमाप्रमाणे मागे जोडून टाकली. कार्ड जागचं हललं नव्हतं. केबल ठीक होती. पण नऊ मशिनं ज्या ब्रिजवर बसली होती त्याला सांगून ठेवलं होतं की ‘ईएनपी३३एस०एफ०’ नावाच्या कार्डाला सोबत घे, आणि त्या नावाचं कोणी घरात उरलंच नव्हतं. ब्रिज कार्डाविनाच उभा राहिला. खऱ्या कार्डाला कोणी हाकच मारली नाही, म्हणून त्याचा दिवा विझलेला. ज्या दिव्यावरून मी केबलला दोषी ठरवलं, तो दिवा खरं तर ‘मला कोणी उठवलं नाही’ असं सांगत होता.

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहिलेलं असावं तसा हा प्रकार. जमीन जागेवर आहे, नातू ती कसतोही आहे. पण कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. कोणी नांगर दुरुस्त करून हे कर्ज मिळायचं नाही. अपग्रेडनंतरच्या नेटवर्कच्या तक्रारी मी जितक्या पाहिल्या, त्यांत मोडलेलं कमी आणि न जुळणारं जास्त होतं. या पुस्तकाला काही एक म्हणणं असेल तर ते एवढंच आहे: आधी काय जुळत नाही ते शोधा, काय मोडलं हा प्रश्न नंतरचा.

एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० आणलं. आपल्या टेबलावरच्या पीसीवर ही सोय आली ती १९९९मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे. आणि २००७मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्येच दाखल झालं, तेव्हापासून कोणताही साधा सर्व्हर दहा मशिनांचा वाडा होऊ शकला. इतिहास इथेच थांबवतो. आपल्याला त्या वाड्याचे दरवाजे मोजायचे आहेत.

व्हर्च्युअल मशीनच्या आतून निघालेलं पाकीट बाहेर पडेपर्यंत किती उंबरे ओलांडतं, हे बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं. आधी आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नेटवर्क. मग तिला दिसणारं कार्ड, जे प्रत्यक्षात नसतंच. काही कार्डं बहुरूप्यासारखी असतात: ई१००० हे इंटेलच्या जुन्या कार्डाचं हुबेहूब सोंग, आतल्या सिस्टिमला पत्ताही लागत नाही. व्हर्टिओ सोंग घेत नाही, ‘मी आभासी आहे’ असं सरळ सांगतं आणि म्हणूनच वेगानं काम करतं, पण त्याला आत त्याचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. या कार्डातून पाकीट होस्टवरच्या टॅप नावाच्या टोकाशी येतं, तिथून ब्रिजवर, ब्रिजवरून होस्टच्या फायरवॉलसमोर, मग खऱ्या कार्डातून केबलवर, स्विचवर, गेटवेपर्यंत. जेवढे उंबरे, तेवढी नावं. आणि प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी कोणाला तरी नावानं ओळखत असतं. सॉफ्टवेअरचं अपग्रेड म्हणजे या ओळखणाऱ्यांपैकी एकाची किंवा अनेकांची एकाच रात्रीत बदली.

म्हणून पुस्तकाची मांडणी मी सॉफ्टवेअरच्या नावांप्रमाणे केली नाही, ओळख कशी चुकते त्या प्रकारांप्रमाणे केली आहे.

पहिला भाग नावांचा. एकेकाळी लिनक्समध्ये पहिलं सापडलेलं कार्ड ‘ईथ०’, दुसरं ‘ईथ१’ असायचं. कोणतं आधी सापडेल याची खात्री नसल्यामुळे दोन कार्डांच्या सर्व्हरवर अदलाबदल व्हायची. २०१३मध्ये सिस्टिमडीच्या १९७व्या आवृत्तीनं पत्त्यावरून नाव ठेवण्याची पद्धत आणली, म्हणून आज व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘ईएनपी०एस३’ दिसतं आणि प्रॉक्समॉक्समध्ये ‘ईएनएस१८’. हेतू स्थैर्याचा होता आणि बऱ्याच अंशी तो साधलाही. पण नियम सुधारत गेले की नावंही सरकतात. शेवटी नाव ठेवण्याच्या नियमांनाच आवृत्तीचे क्रमांक द्यावे लागले, यातच सगळं आलं. नाव कायमचं बांधून कसं ठेवायचं, ते या भागाच्या शेवटी आहे.

दुसरा भाग त्याहून खोल ओळखीचा, म्हणजे यंत्र स्वतःला कोण समजतं याचा. डिसेंबर २०२०मध्ये क्यूईएमयूची ५.२ ही आवृत्ती आली. तिच्यात आभासी मदरबोर्डाचं वर्णन किंचित बदललं होतं. लिनक्सच्या बहुतेक मशिनांना त्याचं काही वाटलं नाही. विंडोजला मात्र आपण नव्याच यंत्रात जागे झालो असं वाटलं. त्यानं नव्या कार्डाची नोंद केली आणि कष्टानं भरलेला स्थिर आयपी पत्ता जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डाच्या नावावर तसाच ठेवला. तोच पत्ता नव्या कार्डाला द्यायला जावं तर विंडोज सांगतं, हा तर दुसऱ्या कार्डाकडे आहे. आणि ते दुसरं कार्ड कुठेच सापडत नाही. नंतर क्यूईएमयूच्या मंडळींना जुन्या यंत्र-आवृत्त्यांसाठी जुनी ओळख परत जोडून द्यावी लागली. मशीनची यंत्र-आवृत्ती ‘सगळ्यात नवी’ अशी मोकळी न सोडता एका क्रमांकाला बांधून का ठेवावी, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मॅक पत्त्याची गोष्टही याच भागात आहे. प्रॉक्समॉक्स ७मध्ये, म्हणजे डेबियन ११ या पायावर येताना, ब्रिजचा स्वतःचा मॅक पत्ता बदलू शकत होता. आपल्या ऑफिसात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण भाड्याच्या सर्व्हरवर, जिथे सेवा देणारा नोंदलेल्या मॅकशिवाय कोणाला आत-बाहेर करू देत नाही, तिथे अख्खा होस्ट गप्प होतो. उलट प्रकार क्लोनचा. एक मशीन तयार करून त्याच्या पाच प्रती काढल्या, मॅक पत्ते वेगळे दिले, तरी उबंटूची ती पाची मशिनं एकाच आयपीवर भांडू लागतात. कारण आतला मशीन-आयडी सगळ्यांचा सारखाच राहिलेला असतो आणि डीएचसीपीकडे ती त्याच ओळखीनं जातात.

तिसरा भाग परवानग्यांचा. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१.२८ या आवृत्तीनं ऑक्टोबर २०२१मध्ये ठरवलं की लिनक्स, मॅक आणि सोलॅरिस होस्टवर होस्ट-ओन्ली नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.५६पासून १९२.१६८.६३पर्यंतच चालतील, बाकीचे हवे असतील तर व्यवस्थापकानं एका फाइलीत तशी परवानगी लिहून द्यावी. बदल शहाणपणाचा होता. पण १९२.१६८.३३.१० हा पत्ता वर्षानुवर्षं व्हेग्रंटच्या नमुन्याच्या फाइलीतून लोकांच्या हाडीमाशी खिळला होता. कालपर्यंत चालणारं मशीन आज ‘हा पत्ता मान्य नाही’ म्हणू लागलं, आणि लोक स्वतःच्या फाइलीत चूक शोधत बसले. त्यांच्या फाइलीत चूक नव्हतीच. दाराशी नवा नियम लागला होता.

फायरवॉलचा गुंता याच भागात, आणि तो मी मुद्दाम लांबवला आहे. एकाच होस्टवर व्हर्च्युअल मशिनं आणि डॉकर दोन्ही नांदवणारे आता खूप आहेत. २०१७पासून डॉकर आपल्यासोबत एक सक्त नियम आणतो: पुढे पाठवायच्या पाकिटांना मुळात बंदी, नाव घेऊन परवानगी दिली तरच सूट. त्यात ब्रिजवरची पाकिटंही फायरवॉलकडे वळवणारं कर्नल मोड्यूल चढलेलं असेल, तर ब्रिजवरच्या मशिनांची वाट बंद होते. लिबव्हर्टच्या आतल्या नेटवर्कवरची मशिनं मात्र यातून वाचायची, कारण डॉकरचा नियम ज्या वहीत असतो त्याच वहीत लिबव्हर्टही आपले परवाने लिहीत असे. २०२४मध्ये लिबव्हर्टला एनएफटेबल्सची नवी वही मिळाली आणि हे संरक्षण गेलं. एनएफटेबल्सचा कायदा असा आहे की एका तक्त्यानं ‘जाऊ द्या’ म्हटलं तर ते त्याच्यापुरतं. दुसऱ्या तक्त्यानं ‘अडवा’ म्हटलं तर मात्र ते अंतिम. सोसायटीच्या दोन फाटकांवर दोन वॉचमन असावेत आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं जुमानू नये, तसं. पाहुणा पहिल्या फाटकातून आत येतो आणि दुसऱ्यावर अडकतो, आणि आपण पहिल्या वॉचमनशी वाद घालत बसतो.

चौथा भाग शोधाच्या रीतीचा, आणि वेळ कमी असेल तर आधी तोच वाचा. रीत अगदी साधी आहे: रस्त्याच्या मध्यावर उभं राहायचं. मशीनच्या आतून गेटवेला पिंग लावून ठेवायचं आणि होस्टवर टीसीपीडंपनं ब्रिज पाहायचा. पिंग निघण्याआधी मशीन एक हाक घालतं, ‘या आयपीचं घर कोणाचं?’ चाळीच्या चौकात उभं राहून एखाद्याचं नाव पुकारावं तशी ही एआरपीची हाक. ती टॅपवर दिसली आणि ब्रिजवर दिसली नाही, तर मशीन ब्रिजला जोडलेलंच नाही. ब्रिजवर दिसली पण खऱ्या कार्डावर नाही, तर दोष त्या दोघांमध्ये. माझ्या त्या शनिवारी नेमकं हेच दिसलं असतं. हाक कार्डातून बाहेर पडली आणि उत्तर आलंच नाही, तर आता खुशाल स्विचकडे आणि केबलकडे वळा. उत्तर आलं पण आत पोचलं नाही, तर मॅक पत्ता किंवा फायरवॉल. एका हाकेनं निम्मा रस्ता निकालात निघतो.

याच भागात लक्षणांची एक यादी आहे. मशीननं १६९.२५४नं सुरू होणारा पत्ता घेतला असेल तर त्यानं डीएचसीपीकडे मागून पाहिलं आणि कोणी उत्तर दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मशीनच्या आत खोदत बसू नका. आकड्यांना पिंग होतं पण नावांना नाही, तर नेटवर्क ठीक आहे, डीएनएस पाहा. पिंग होतं, लॉगिनची सुरुवातही होते आणि मग सगळं थिजतं, तर पाकिटाचा आकार तपासा: व्हीएक्सलॅनसारखं वेष्टन ५० बाइट खातं, म्हणून १५००च्या रस्त्यावर आतल्या मशीनला १४५०च परवडतात. चिठ्ठी जाते, पार्सल अडकतं. होस्टचा कर्नल बदलल्यावर व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली कार्डच गायब झालं असेल, तर त्याची मोड्यूलं नव्या कर्नलसाठी बांधली गेली नाहीत, किंवा सिक्युअर बूटनं सही नसल्यामुळे ती आत घेतली नाहीत. आणि लॅबमध्ये प्रत्येकाच्या व्हर्च्युअलबॉक्समधल्या मशीनला १०.०.२.१५ हाच पत्ता दिसला तर घाबरू नका. तिथे प्रत्येक मशीन आपल्या वेगळ्या खोलीत आहे आणि प्रत्येक खोलीचा नंबर एकच आहे. दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला कोणीतरी विद्यार्थी ‘सर, आयपी डुप्लिकेट!’ म्हणून ओरडतो, आणि दर वर्षी मला ते ऐकून बरं वाटतं. निदान त्यानं शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं तरी.

काय करू नये यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं नाही, पण तीन सवयी इथेच सांगतो, कारण तिन्ही माझ्याच आहेत. पहिली, काही न पाहता रीबूट करणं. लॉग डिस्कवर साठवण्याची सोय केलेली नसेल तर रीबूटबरोबर पुरावा जातो. दुसरी, एका वेळी दोन गोष्टी बदलणं. मग सुरू झालं तरी कशानं ते कळत नाही, आणि पुढच्या अपग्रेडला तेच भूत परत येतं. तिसरी, ‘तपासून पाहू’ म्हणून फायरवॉल बंद करणं आणि काम झाल्याच्या आनंदात ती तशीच ठेवणं.

स्नॅपशॉटवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. त्या रात्री नऊही मशिनांचे स्नॅपशॉट होते. उपयोग शून्य. मशिनांना काही झालंच नव्हतं. आतल्या आत ती एकमेकांशी व्यवस्थित बोलत होती. बदललेला होता होस्ट, आणि गेस्टला मागे नेऊन होस्ट मागे जात नाही.

भाषेबद्दल थोडं. ब्रिजला मी ‘सेतू’ म्हटलेलं नाही आणि पिंगला प्रतिशब्द शोधलेला नाही. सर्व्हर खोलीत जे शब्द चालतात तेच पुस्तकात आहेत. पण विचार मराठीत केला आहे. आयटीआय, पॉलिटेक्निक, तालुक्याची पतसंस्था, छोटा कारखाना अशा ठिकाणी आज शेकडो मुलंमुली हे काम करतात. आज्ञा इंग्रजीत टाइप करतात, पण रात्री दोन वाजता कपाळाला हात लावून विचार करतात तो आपल्याच भाषेत. त्या वेळी त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलेलं असावं, म्हणून हे लिहिलं. मोठ्या क्लाउड कंपन्यांची आतली नेटवर्कं यात नाहीत. तिथे होस्ट आपल्या हाती नसतो, त्यामुळे शोधाची वाटही वेगळी होते.

ज्या विद्यार्थ्यांनी आपापल्या फजित्या मोकळेपणानं सांगितल्या आणि ‘नाव छापू नका’ असंही बजावलं, त्यांचा मी ऋणी आहे. फोन करणारा तो मुलगा आज माझ्यापेक्षा चांगला निदान करतो. त्या राखणदार काकांचंही देणं आहे. दुसरा चहा ठेवताना त्यांनी सहज विचारलं होतं, ‘‘काल चालू होतं ना? मग काल आणि आजमध्ये काय बदललं?’’ यापेक्षा नेमका प्रश्न मला आजवर कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळालेला नाही.

आता वाचकाला एकच विनंती. पुढच्या वेळी अपग्रेडची आज्ञा देण्याआधी पाच ओळी लिहून ठेवा: होस्टवरच्या कार्डांची नावं आणि मॅक पत्ते, कोणत्या ब्रिजवर कोणतं कार्ड, कोणत्या मशीनला कोणता आयपी आणि गेटवे, मशिनांची यंत्र-आवृत्ती, आणि नेटवर्क नसताना कन्सोलपर्यंत पोचण्याची वाट. दहा मिनिटांचं काम आहे. या पाच ओळी हाताशी असतील तर या पुस्तकातली निम्मी पानं तुम्हाला लागणार नाहीत. फक्त त्या वहीत, पेनानं लिहा. सर्व्हरवर सेव्ह करू नका.